झोपेत दात खाणे आणि नाइट गार्डची निवड

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण रोज दवाखान्यात येणारा आहे. पेशंट येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "डॉक्टर, मी झोपेत दात खातो असं घरचे म्हणतात. मोबाइलवर नाइट गार्ड बघितलाय, मागवू का?" काही जण तर मागवून, डबी घेऊनच येतात. तेव्हा आज आपण दोन प्रश्नांची उत्तरं शोधणार आहोत. एक, नाइट गार्ड आपल्याला हवा आहे का? आणि दोन, हवा असेल तर कोणता? बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. आपण पहिल्यापासून करू.

दात खाणे म्हणजे नेमकं काय?

आपल्या भाषेत रागाला "दातओठ खाणे" म्हणतात. त्यामुळे झोपेत दात खाणारा माणूस मनात राग धरून झोपलाय अशी एक समजूत आहे. लहान मूल दात खायला लागलं की जंत झालेत म्हणून औषध देतात. दोन्ही समजुती जुन्या आहेत. जंतांमुळे मुलं दात खातात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. जंतांचं औषध जंतांसाठी जरूर द्यावं, दात खाण्यासाठी म्हणून नव्हे. मानसिक ताणाचा संबंध मात्र आहे, पण तेवढाच नाही.

शास्त्रीय भाषेत याला ब्रक्सिझम म्हणतात. याचे दोन वेगळे प्रकार आहेत हे आधी लक्षात घ्या. जागेपणी होणारा प्रकार म्हणजे काम करताना, गाडी चालवताना, मोबाइल बघताना नकळत दात आवळून धरणे. यात सहसा आवाज येत नाही. झोपेत होणारा प्रकार म्हणजे जबड्याचे स्नायू लयीत किंवा सलग आकसणे. यात कधी कराकरा आवाज येतो, तर कधी नुसतं आवळणं असतं आणि शेजारी झोपलेल्यालाही पत्ता लागत नाही.

झोपेतली ही क्रिया मेंदूकडून येते. झोप मधूनमधून क्षणभर उथळ होते, नाडी थोडी वाढते आणि त्यापाठोपाठ जबड्याचे स्नायू काम करायला लागतात. पूर्वी असं मानायचे की दात वेडेवाकडे आहेत, चावा नीट बसत नाही, म्हणून माणूस दात खातो. त्यासाठी चांगले दात घासून "चावा बरोबर" करून द्यायचे. आज हे कारण मानलं जात नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला "दात घासून देतो, मग खाणं थांबेल" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. घासलेला दात परत येत नाही.

किती लोकांना होतं? कॅनडात १९९४ साली एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ८ टक्के प्रौढांनी झोपेत दात खातो असं सांगितलं. तरुणांत प्रमाण जास्त होतं आणि साठीनंतर बरंच कमी. म्हणजे हा काही विरळा आजार नाही. किंबहुना २०१८ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकमताने मांडलं की, एरवी निरोगी असलेल्या माणसात झोपेत दात खाणं हा आजार धरू नये. ती स्नायूंची एक हालचाल आहे. तिच्यामुळे दातांचं, जबड्याचं नुकसान होत असेल तरच उपचार करावा.

म्हणून "मी दात खातो" एवढ्यावर गार्ड ठरत नाही. गार्ड ठरतो तो नुकसान होतंय का, यावर.

नुकसान कसं ओळखायचं?

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, कानशिलांपाशी डोकं दुखतं आणि तासाभरात कमी होतं. दातांच्या कडा सपाट झाल्यात, सुळ्यांची टोकं गेलीत. दाढेचा कोपरा तुटलाय, भरलेली चांदी किंवा सिमेंट परत परत निघतंय, कॅप फुटतेय. गार पाण्याने ठणका लागतो. जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसतात, गालाच्या आत पांढरी रेघ दिसते. यातली एक-दोन लक्षणं असली तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

पण इथे एक सावधगिरी. झिजलेला प्रत्येक दात खाऊन झिजलेला नसतो. आपल्याकडे मशेरी लावणारे लोक आहेत, सुपारी चघळणारे आहेत, खरखरीत दंतमंजनाने जोर लावून दात घासणारे आहेत. त्यानेही दात झिजतात. रोज लिंबूपाणी, शीतपेयं घेणारे आणि ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, घशाशी आंबट येतं, अशांचे दात आम्लाने विरघळतात. तिथे नुसता गार्ड देऊन उपयोग नाही. मशेरी तशीच चालू राहिली तर गार्ड काय करणार? कारण शोधायला हवं.

गार्ड काय करतो, काय करत नाही

आता महत्त्वाचा मुद्दा. गार्ड दात खाणं थांबवत नाही. पुन्हा सांगतो, थांबवत नाही. पायातली चप्पल चालणं थांबवते का? नाही. पाय झिजू नये म्हणून ती स्वतः झिजते. गार्डचं काम तेच. तो दातांच्या मध्ये बसतो, जोर सगळ्या दातांवर वाटतो आणि दाताऐवजी स्वतः झिजतो.

२००७ साली कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, यावरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र करून बघितले. निष्कर्ष असा, की गार्डमुळे झोपेतलं दात खाणं बरं होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. दातांची झीज वाचवायला मात्र त्याचा फायदा होऊ शकतो. काही जणांना सुरुवातीला आवळणं कमी झाल्यासारखं वाटतं, पण ते टिकेलच असं नाही. तेव्हा जाहिरातीत "दात खाण्यापासून कायमची मुक्ती" असं लिहिलेलं दिसलं, तर ती डबी तिथेच ठेवा.

गार्ड घेण्याआधीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न: तुम्ही घोरता का? झोपेत श्वास अडकतो, दचकून जाग येते, दिवसा डुलक्या लागतात, रक्तदाब वाढलेला आहे, असं काही आहे का? असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याची तपासणी करा. दात खाणं आणि हा आजार बरेचदा एकाच माणसात सापडतात. २००४ साली कॅनडातल्याच एका छोट्या अभ्यासात, ॲप्निया असलेल्या १० रुग्णांना वरच्या दातांवर गार्ड दिला तेव्हा त्यातल्या काहींचा श्वासाचा त्रास वाढलेला आढळला. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्यांना लागू होईल असा नियम करता येणार नाही. पण इशारा म्हणून पुरेसा आहे. ॲप्नियाचा संबंध हृदयाशी, रक्तदाबाशी, गाडी चालवताना लागणाऱ्या डुलकीशी आहे. दात वाचवण्याच्या नादात तो आजार झाकला जाऊ नये. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ही न्या.

दुसरा प्रश्न: कोणती औषधं चालू आहेत? नैराश्य आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः एसएसआरआय गटातल्या, काही जणांचं दात आवळणं सुरू होतं किंवा वाढतं. असं वाटलं तर गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा किंवा वेळ बदलायचा विचार करतील. रात्रीची दारू, सिगारेट, तंबाखू, संध्याकाळनंतरचे चहा-कॉफीचे कप, यांचाही दात खाण्याशी संबंध दिसतो. तिथे एक पैसाही खर्च न करता सुधारणा करता येते.

तिसरा प्रश्न: तोंडातली बाकीची कामं झालीत का? किडलेली दाढ, हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या, अर्धवट राहिलेली कॅप. ही कामं आधी संपवा. गार्ड तुमच्या आजच्या दातांच्या मापाचा असतो. आज गार्ड केला आणि पुढच्या महिन्यात दोन कॅप बसवल्या, की तो गार्ड बसत नाही. पैसे वाया.

प्रकार कोणते?

आता आपण बाजारात जाऊ. ढोबळमानाने चार प्रकार दिसतील.

पहिला, तयार मापाचा. डबी उघडायची, तोंडात घालायचा. हा कुणाच्याच मापाचा नसतो. सैल असला तर झोपेत सुटून घशाकडे जाण्याचा धोका राहतो. हा मी सुचवत नाही.

दुसरा, गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि चावून आकार द्यायचा. हा पहिल्यापेक्षा बरा बसतो. पण चावताना तुम्ही एका बाजूला जास्त जोर दिला, तर ती बाजू पातळ आणि दुसरी जाड राहते. मग रात्रभर जोर एकाच बाजूला पडतो. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत, दाढ तुटायची भीती आहे म्हणून थोडे दिवस वापरला, तर समजू शकतो. वर्षानुवर्षे वापरायची ही वस्तू नाही.

तिसरा, मापाचा मऊ गार्ड. डॉक्टर माप घेतात आणि लॅबमध्ये रबरासारख्या शीटपासून तो बनतो. घालायला सोपा, सवय लवकर होते, किंमत कमी. पण जोरात दात खाणारा माणूस तो काही महिन्यांत चावून भोकं पाडतो. शिवाय मऊ वस्तू तोंडात आली की काही जण ती चघळायला लागतात. १९८७ साली अमेरिकेत १० जणांवर एक प्रयोग झाला. कडक गार्डने ८ जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली. मऊ गार्डने उलट ५ जणांची वाढली. माणसं फक्त १० होती हे विसरायचं नाही, पण आमचा रोजचा अनुभवही याच दिशेचा आहे.

चौथा, मापाचा कडक गार्ड. पारदर्शक ॲक्रिलिकचा, दातांवर घट्ट बसणारा आणि वरून सपाट. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात विकसित झाल्यामुळे याच्या एका प्रकाराला मिशिगन स्प्लिंटच म्हणतात. याची खुबी अशी, की तोंड मिटल्यावर समोरचे सगळे दात त्यावर एकाच वेळी, सारख्या जोराने टेकतात. आणि जबडा बाजूला सरकला की सुळ्याच्या जागी ठेवलेल्या उतारामुळे दाढा एकमेकींपासून सुटतात. घासण्याचा जोर दाढांवर येत नाही. हा नीट सांभाळला तर काही वर्षं टिकतो. याचाच एक पोटप्रकार म्हणजे आतून मऊ, बाहेरून कडक. ज्यांना कडक गार्ड टोचतो त्यांना तो बरा वाटतो.

थोडक्यात, जोर जास्त असेल, दात झिजलेले असतील, कॅप किंवा इम्प्लांट वाचवायची असतील, तर कडक. जोर कमी आहे, नुकतीच सुरुवात आहे, तर मऊ किंवा मिश्र प्रकार चालू शकतो. हे ठरवायला डॉक्टरांनी दात बघायलाच हवेत. फोटो पाठवून हे ठरत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. रोज वापरायचा गार्ड त्या जबड्यातले सगळे दात झाकणारा असावा. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड मिळतात. ते घातल्यावर मागच्या दाढा अधांतरी राहतात. बरेच दिवस असं राहिलं तर दाढा हळूहळू वर सरकतात आणि पुढचे दात मिटेनासे होतात. शिवाय वस्तू जितकी लहान, तितकी गिळली जाण्याची भीती जास्त. असा गार्ड कुणी दिलाच, तर किती दिवसांसाठी आणि तपासणी कधी, हे विचारून घ्या.

वरच्या दातांवर घ्यायचा की खालच्या? दोन्ही चालतात. वरचा अधिक रूढ आहे. ज्यांना उलटीसारखं होतं त्यांना खालचा सोपा जातो. कोणत्या बाजूचे दात पडलेले आहेत हेही बघावं लागतं.

डॉक्टरांना काय विचाराल?

गार्ड कोणत्या साहित्याचा आहे? माप दोन्ही जबड्यांचं घेणार का? बसवल्यानंतर तपासणीच्या फेऱ्या किती, आणि त्या दिलेल्या पैशांत धरल्यात का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण चांगला गार्ड लॅबमध्ये अर्धा बनतो, उरलेला अर्धा खुर्चीत बनतो. रंगीत कागद चावायला देऊन कुठे जास्त टेकतंय ते बघतात आणि तेवढंच घासतात. दोन-तीन आठवड्यांनी परत बघतात. "हा घ्या, झालं" असं म्हणून हातात दिलेला कडक गार्ड म्हणजे माप न जुळवता दिलेला चष्मा. ॲक्रिलिकची ॲलर्जी असेल, पूर्वी कवळीने तोंड भाजल्यासारखं झालं असेल, तर तेही आधीच सांगा.

खर्च परवडत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात, म्हणजे कवळ्या आणि कॅप करणाऱ्या विभागात, चौकशी करा. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात, पण तपासणी नीट होते.

वापर आणि निगा

पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटेल, परकं वाटेल. आठवडा-दोन आठवडे द्या. सकाळी काढल्यावर चावा क्षणभर वेगळा वाटतो, तो थोड्या वेळात जागेवर यायला हवा. तास होऊन गेला तरी दात नेहमीसारखे मिटत नसतील आणि हे रोज होत असेल, तर गार्ड घालणं थांबवा आणि दाखवायला जा. जबड्याच्या सांध्यात दुखणं वाढलं तरी तेच.

रात्री दात घासूनच गार्ड घाला. घातल्यावर पाण्याशिवाय काही नाही. गोड दूध नाही, खोकल्याचं गोड औषध नाही. ते गार्डखाली अडकून दात किडवतं. सकाळी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाणी नको, आकार बदलतो. टूथपेस्टने चरे पडतात, त्यापेक्षा साधा सौम्य साबण बरा. पुसून, कोरडा करून, भोकं असलेल्या डबीत ठेवा. कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत बंद डबीत ओला ठेवला की वास येणारच. आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंच ठेवा, गंमत नाही करत, कुत्रे गार्ड फार आवडीने चावतात.

दिवसा काय?

रात्रीचं आपल्या हातात नाही, दिवसाचं आहे. एरवी आपले दात एकमेकांना टेकायलाच नको असतात. जेवताना, गिळताना टेकतात तेवढेच. आत्ता इथे बसल्या बसल्या बघा, दात मिटलेत का? आता नुसतं "म्म" म्हणा. ओठ मिटले आणि दात सुटे राहिले. हीच जबड्याची विश्रांतीची जागा. "ओठ मिटलेले, दात सुटे" एवढं कागदावर लिहून कॉम्प्युटरवर चिकटवा. दिसलं की जबडा सैल सोडा. पंधरा दिवसांत तुम्हालाच कळेल की आपण किती वेळा आवळतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझा नातू सहा वर्षांचा आहे, रात्री इतके दात खातो की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. त्याला गार्ड द्यावा का?

उत्तर: सहसा नाही, आजी. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, गार्ड दोन-चार महिन्यांत बसेनासा होईल आणि जबड्याच्या वाढीलाही अडथळा नको. बहुतेक मुलांचं वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतं. पण तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, ते बघा. तसं असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड्ससाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: दात सरळ केल्यावर मला रिटेनर दिलाय. तोच गार्ड म्हणून चालेल का?

उत्तर: नाही. रिटेनर दात जागेवर धरायला असतो, पातळ असतो. दात खाल्ले तर तडकेल. दात खाता हे तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टना सांगा. दोन्ही कामं करेल असा जाड, कडक गार्ड ते करून देऊ शकतात.

प्रश्न: आमचे हे घोरतात पण आणि दात पण खातात. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. म्हणतात, तूच एखादा गार्ड आणून दे.

उत्तर: ताई, तुम्ही गार्ड आणू नका. एक काम करा. ते झोपले की मोबाइलवर दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करा आणि सकाळी त्यांना ऐकवा. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग एकदम धाप लागल्यासारखा परत सुरू होतो, असं ऐकू आलं तर तेच रेकॉर्डिंग घेऊन आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी होऊ दे. दातांचं आपण त्यानंतर बघू, दात तेवढे थांबतील.